उघडा चेहरा

श्रावणात बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या बाई आरमोरीहून सुंद्राच्या घरी आल्या. चार वर्षांच्या बहिऱ्या सुंद्राला आईसमोर बसवून म्हणाल्या, "भागीरथाबाई, हिच्याशी बोलताना तोंडावरचा पदर बाजूला घ्या. ओठ पाहूनच ही बोलायला शिकेल."

"अन् सासरा इथी बसला हाये, त्याचं काय? सुनेले तोंड उघडं टाकून नाचवू का?" दिवसभर ओसरीवर बसणारे आबाजी म्हणाले.

आईनं पदर आणखी ओढला. माहेरपणाला आलेली थोरली लेक धुरपता नेहमीसारखी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत साप चावून आई गेली. तिरडीवर तिचा चेहरा पहिल्यांदाच आबाजींसमोर उघडा होता. सुंद्रा तिच्या ओठांवर डोळे लावून बसली, हलेचना.



"आबाजी," धुरपता म्हणाली, "आता झाका न तिचं तोंड. पोट्टी वाट पाहून राह्यली."