भिंतीतला बाप

“या भिंतीत एकही माणूस गाडला गेलेला नाही,” गाईड म्हणाला. लोरीनने चटकन आईकडे पाहिलं. व्हर्ना सगळ्यांच्या पुढे उभी होती, मान ताठ, कान टवकारलेले.

गेली अडतीस वर्षं लोरीनने हे वाक्य आईच्या कानावर पडू दिलं नव्हतं. किंगमनहून लास वेगासला, लोरीनच्या भावाकडे थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला जाताना त्यांची गाडी दरवर्षी हूव्हर धरणावर थांबे. एका बाजूला तलावाचं निळं पाणी, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि भोवती ओसाड वाळवंट. व्हर्ना कठड्यावर तळवा टेकवून खणखणीत आवाजात म्हणे, “काय पप्पा, बरं आहे ना?” ती दोन वर्षांची असताना तिचा बाप इथे कामाला होता. एका दुपारी तो ओल्या काँक्रीटमध्ये पडला तो पडलाच, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. एवढी मोठी कबर किंगमनमध्ये दुसऱ्या कुणाच्या बापाला मिळाली नव्हती, आणि हे व्हर्नाने गावात कुणाला ऐकवायचं बाकी ठेवलं नव्हतं.

लोरीनला खरं कळलं ते चौदाव्या वर्षी, शाळेच्या सहलीत. भिंतीत कुणीच नाही. म्हणजे आजोबा बायको-पोरीला टाकून निघून गेले. परतीच्या बसमध्ये ती खूप रडली आणि आईला हे कधी कळू द्यायचं नाही असं तिने ठरवलं. तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून आईला गाईडपासून लांब ठेवत आली. कधी तिकिटांची रांग फार मोठी असे, कधी लोरीनचे पाय दुखत. आज मात्र ती स्वच्छतागृहातून बाहेर आली, तर आई दोन तिकिटं घेऊन हजर!

“नक्की ना, बाळा?” व्हर्नाने गाईडला मोठ्याने विचारलं.

“अगदी नक्की, बाई. काँक्रीट एकदम ओतलंच नव्हतं. एका वेळी फार तर वीतभर चढायचं. बुडायचंच असेल तर माणसाला आडवं पडून वाट बघावी लागली असती.”

सगळे हसले. लोरीनला त्या पोराचा गळा दाबावासा वाटला. तिने आईचा दंड धरून तिला बाजूला ओढलं.

“चल गं आई, निघू. हे गाईड काहीही फेकतात. कालचं पोर, त्याला काय माहीत?”

“बरोबर बोलतोय तो,” व्हर्ना शांतपणे म्हणाली. “मी नऊ वर्षांची होते. आईच्या शिवणाच्या डब्यात पप्पांचं पत्र सापडलं. फ्रेस्नोहून आलेलं. ‘माझे चांगले बूट पाठवून दे.’ बस, एवढंच. भिंतीतल्या माणसाला बूट कशाला लागतात?”

 रागवावं की हसावं तेच लोरीनला कळेना.

“मग दरवर्षी ते ‘काय पप्पा’ कुणासाठी?”

“आधी आईसाठी. तिला वाटायचं माझा विश्वास आहे, मग तिचं मन कशाला मोडा? पुढे तू झालीस. चार वर्षांची होतीस, शेजारच्या पोरांना छाती फुगवून सांगायचीस, अख्खं धरण माझ्या आजोबांनी धरून ठेवलंय. मग मला कुठलं खरं बोलवतंय!”

“आणि आजच काय झालं?”

व्हर्नाने लेकीच्या गालावरून हात फिरवला.

“मी काय जन्माला पुरणार आहे का? माझ्यामागे तू एकटी इथे थांबून भिंतीशी बोलत बसशील, या धास्तीने मला झोप लागेना. माझ्याने काही तुला सांगवत नव्हतं. म्हटलं, या पोरालाच सांगू दे.”