डबीवरचे आकडे

"मावत नाही, ताई," कांग म्हणाला.

बाउजू त्याच्या दुकानाच्या पायरीवरच उभी होती. तिच्या उजव्या बाहीवर आईच्या सुतकाचा तागाचा तुकडा होता, आणि सुतकातल्या माणसानं दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नसतो. म्हणून कांगनं कॉम्प्युटरच दाराकडे वळवला होता.

"डिस्कच्या डबीवर चार पूर्णांक सात जीबी छापलंय. माझी फिल्म चार पूर्णांक सहाची. मावत कशी नाही?"

कांगनं डोळे चोळले. हे पुराण त्याला रोज कुणा ना कुणापुढे लावावं लागे. "कंपनी हजाराचा एक टप्पा धरते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसचा. वर चढत गेलं की फरक वाढतो. डबीवरचे चार पूर्णांक सात इथे जेमतेम चार पूर्णांक अडतीस भरतात. फसवणूक नाही हो, मोजायची रीत वेगळी."

"दोन डिस्क करा मग."

"उद्या निरोपाच्या वेळी डिस्क बदलत कोण बसणार? दाबून बसवली तर चेहरे पुसट होतील. पाचेक मिनिटं कापा आणि मोकळ्या व्हा."

बाउजूनं दाराला टेकून भावाला फोन लावला.

"त्यात विचारायचं काय?" दादा म्हणाला. "शेवटचं आजारपण काढून टाक. तो बिछाना, ती लाळ, पाहुण्यांना कशाला दाखवायची? माझं भाषण मात्र ठेव हं. आमचे साहेब येणार आहेत."

भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "शेवटचं एकदा लावा," ती कांगला म्हणाली.

पडद्यावर पेजेचा चमचा धरलेला एक हात आला. आईनं मान वळवली. "तू जेवलीस का गं?"

तासाभराच्या त्या फिल्ममध्ये बाउजू त्या हाताएवढीच होती. बाकी सगळीकडे ती कॅमेऱ्यामागे.

"कापू हे?" कांगनं हळूच विचारलं.

"दादाचं भाषण कापा."

"भाऊ तमाशा करतील."

"करू दे."

डिस्क भरून झाली. डबीवर नाव घालायला कांगनं पेन उघडलं. बाउजूनं निधनाची पत्रिका पुढे केली. सफेद नव्हे, गुलाबी. ऐंशी भरलेल्यांनाच मानाची गुलाबी मिळते. आई गेली सत्त्याहत्तराव्या वर्षी. पण गेलेल्या माणसाच्या वयात रीतीप्रमाणे तीन वर्षं वाढवतात, एक आकाशाचं, एक धरतीचं, एक माणसांचं. दादा किती खूश झाला होता!

"नावाखाली वय ऐंशीच घालू ना?"

"डबीवर ऐंशीच घाला," बाउजू थकल्या आवाजात म्हणाली. "आत सत्त्याहत्तरच वर्षं आहेत. तेवढी मात्र पुरी राहू द्या."