तहान कुणाची

“पाणी,” ऋचा म्हणाली आणि भरलेला ग्लास स्वतःच्या ओठांजवळ धरून थांबली. समोर बसलेल्या साईने ग्लासकडे पाहिलं, मग तिच्या ओठांकडे. सहा वर्षांचा होता. ऐकू सगळं यायचं, पण अजून एक शब्द बोललेला नव्हता.

वाचा-उपचाराच्या पदवीची ही तिची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. मागच्या वर्षी ती याच परीक्षेत नापास झाली होती आणि आताही झाली तर पुन्हा बसू देणार नव्हते. वीस मिनिटांत मुलाच्या तोंडून एक शब्द, निदान त्या शब्दातला पहिला आवाज तरी यायला हवा. शब्द आल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही, हे तर पहिल्याच वर्षी शिकवतात.

न शिकवलेली गोष्ट तिने स्वतःच्या डोक्याने केली होती. “उद्या सकाळपासून त्याला पाणी देऊ नका,” असं साईच्या आईला सांगून ठेवलं होतं. विश्रांतवाडीहून एप्रिलच्या उन्हात दोन बस बदलून आलेली ती बाई दारात एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही सांगितलं म्हणून नाही दिलं हो. लवकर बोलतं करा त्याला.”

“पाणी. साई, पाणी.” किती वेळा म्हटलं ते तिचं तिलाच आठवेना. घसा पार बसला. साईच्या सुकलेल्या ओठांकडे बघवत नव्हतं, तरी ती बघत होती, कारण आवाज तिथूनच यायचा होता. तिला स्वतःची किळस आली. ग्लास मात्र तिने दिला नाही.

कोपऱ्यात बसलेल्या परीक्षक सरोजिनी मॅडमनी घड्याळ पाहिलं. “चार मिनिटं राहिली. आपलं चालू द्या.”

“पाणी,” ऋचा म्हणाली. या वेळी नुसता वाराच बाहेर पडला.

साई उठला. त्याने दोन्ही हातांनी तिच्या हातातला ग्लास धरला आणि तिच्याच तोंडाला लावला. बरंचसं पाणी ओढणीवर सांडलं. दोन घोट तिला घ्यावेच लागले.

“अहो, पाजायचं कुणाला होतं?” मॅडम कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या. “उच्चारापुढे शून्य लिहू ना?”

“लिहा,” ऋचा म्हणाली. “आणि हेही लिहा, की सकाळपासून मीच त्याला पाणी मिळू दिलेलं नाही.”

मॅडमचं पेन थांबलं. ऋचाने उरलेलं पाणी घाईघाईने साईच्या ओठांना लावलं. त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं आणि ग्लास पुन्हा तिच्याकडे ढकलला. पाणी मागत तर तीच होती.