गाळलेल्या जागा

"यंत्र ठणठणीत आहे," दुरुस्तीवाली म्हणाली. बाईंच्या गळ्यातला माइक आणि पोरीच्या कानातलं यंत्र, दोन्ही तिने टेबलाजवळ उभं राहून तपासली होती.

बाईंनी सुस्कारा सोडला. म्हणजे दोष पोरीचाच. व्हरांड्यात पोरीजवळ तिची आई बसली होती. आज तिला सांगून टाकायचं होतं, मुलीला एक इयत्ता खाली बसवू.

बाईंनी काही कमी केलं नव्हतं. पोरीला कमी ऐकू येतं म्हणून गेले दोन महिने, म्हणजे ती या शाळेत आल्यापासून, त्या गळ्यात माइक अडकवून शिकवत होत्या. आवाज बिनतारी थेट तिच्या कानात जाई. तरी विचारावं एक आणि ही सांगणार भलतंच. शुद्धलेखनात अधलेमधले शब्द मनचे. दहातली पाच-सहा उत्तरंच बरोबर. "ऐकू येतं ना गं?" म्हटलं की मान मात्र डोलवायची.

"ती बसते कुठे?"

बाईंनी तिसरा बाक दाखवला. दुरुस्तीवाली त्या बुटक्या बाकात कशीबशी मावली. पोरीचं यंत्र तिने हेडफोनला जोडलं. "वाचा काहीतरी. यातून मला ऐकू येईल तेवढंच मी म्हणते."

बाई धडा वाचू लागल्या.

"नदीच्या... गाव होतं," दुरुस्तीवाली म्हणाली. "तिथे एक... राहायचा. त्याला... फार भीती वाटे."

बाई थबकल्या.

"जुन्या रेडिओसारखी खरखर नसते हो यात. शब्द आला तर स्वच्छ, नाहीतर गुल." दुरुस्तीवालीने मागच्या लोखंडी कपाटावर टिचकी मारली. "लहरी सरळही येतात आणि या पत्र्यावर आपटूनही. नेमक्या या बाकावर त्या एकमेकींना मारतात. त्यात शेजारच्या वर्गाचा माइक जवळच्याच चॅनेलवर. तो मधे घुसतो."

तिने बाक दोन हात पुढे ओढला, चॅनेल बदललं. "आता वाचा."

या वेळी एकही शब्द गळला नाही. बाईंना मात्र पुढे वाचवेना. आपण किती वेळा रागावलो, किती वेळा उभं केलं! त्या तशाच बाहेर गेल्या. "ताई, ती याच वर्गात राहणार. चूक आमची होती."

मग त्या पोरीसमोर खाली बसल्या, तिला ओठ दिसावेत म्हणून चेहरा तिच्यासमोर आणला. "अगं, मधले शब्द ऐकू येत नव्हते, तर सांगायचं नाही का मला?"

पोर गोंधळली. आधीच्या शाळेत सात मुलं एका चटईवर बसायची आणि तिथल्या बाई हाताच्या अंतरावर असायच्या.

"मला वाटलं, मोठ्या शाळेत असंच शिकवतात," ती म्हणाली. "गाळलेल्या जागा आपण भरायच्या."