नातं निवडा

कानिफनाथनानांनी बायकोच्या लुगड्याच्या निऱ्या एका हातात धरल्या होत्या, पदराचं टोक दातांत होतं, आणि नेमकी तेव्हाच अंगणवाडीची ज्ञानेश्वरी दार ढकलून आत आली. रोज न चुकता लावलेली कडी आज राहून गेली होती.

"सून जरा भायेर गेलीय," नाना तोंडातला पदर काढून घाईने म्हणाले. "तवर म्हनलं..."

"राजनंदिनी तर सकाळीच नगरला गेली ना? स्टँडवर भेटली मला."

मालनबाई डाव्या हाताने खिडकीचा गज धरून उभ्या होत्या. लकवा मारल्यापासून उजवी बाजू त्यांची राहिली नव्हती, आणि जीभही जड झाली होती.

"द्या इकडं, मी नेसवते," ज्ञानेश्वरी पुढे झाली. मालनबाईंनी मान हलवली. नको म्हणजे नको.

मग ती खाटेच्या कडेला बसून पाहत राहिली. नानांनी निऱ्या खोचल्या. बहात्तर वर्षांच्या, आयुष्यभर धोतर नेसलेल्या हातांच्या निऱ्या त्या, तिसगावातल्या एखाद्या नव्या नवरीला जमल्या नसत्या अशा एकसारख्या. पदर मात्र त्यांनी उजव्या खांद्यावर टाकला. समोर उभं राहून नेसवायचं, म्हणजे आपली डावी ती तिची उजवी. गेली दोन वर्षं काकूंचा पदर अधूनमधून उलटा दिसायचा, आणि सुनेला घाई असेल असं ज्ञानेश्वरी समजत आली होती. ती स्वतःवरच ओशाळली.

सगळं गाव तेच समजत होतं. बसल्या जागी पाण्याचा तांब्या मागणारा हा माणूस; चहाची पूड कुठल्या डब्यात असते हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. आता आंघोळ घालण्यापासून वेणीपर्यंत आणि भाकरीपासून धुण्यापर्यंत सगळं तोच करायचा, पण दाराला कडी घालून. पारावर जाताना नखांत पीठ राहिलं नाही ना, ते पाहून निघायचा. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, मालनबाई, नशीब काढलंत, सून मिळावी तर अशी. सून बिचारी सकाळची कामाला जायची ती दिवेलागणीला यायची. तीही सासऱ्याने घातलेल्या शपथेपायी ते कौतुक हसून घ्यायची. मालनबाईंचा जीव मात्र दरवेळी तळमळायचा. खरं काय ते सांगायला त्यांना तोंड उरलं नव्हतं. दोन शब्द जुळवायचे तर घाम फुटायचा.

"बरं, काम काय काढलंस?" नाना म्हणाले.

ज्ञानेश्वरीने मोबाईल काढला. अपंग माणसाला घरी सांभाळणाऱ्यालाही सरकारचं काही पैसे द्यायचं चाललंय, अजून नक्की नाही, पण माहिती भरून मागितलीय, असं तिने सांगितलं. "तर काकूंचं सगळं कोण करतं?"

"सून."

मालनबाईंनी हातातला गज खडखडा हलवला. नाना दचकले.

"आता मी डोळ्यांनी बघितलं, नाना."

"बघितलं तर बघितलं. लिव्ह माझं नाव. पन गावात बोलायचं न्हाई." नाना भिंतीकडे बघत म्हणाले, "पोरं हसत्याल. म्हनत्याल, म्हातारा बायकोचं लुगडं धुतो."

ज्ञानेश्वरीने मोठ्या हौसेने नाव भरलं. पुढे आलं, नातं निवडा. पत्नी, आई, मुलगी, सून, बहीण. तिने खाली सरकवून पाहिलं, वर सरकवून पाहिलं.

"नाना, ह्यात नवरा न्हाईच."

"म्हंजी?"

"सांभाळणाऱ्यांत नुसत्या बायकाच घातल्यात. ह्यातलं एक निवडल्याशिवाय पुढं जात न्हाई."

नानांच्या छातीवरचा धोंडा उतरला. "बघ. मोबाईललाबी कळतंय. खोड ते माझं नाव, आन् सून लिव्ह."

"आ..." मालनबाई म्हणाल्या.

"पानी पायजे का?" नाना वळले.

त्यांनी मान हलवली. कपाळावर घाम आला होता. ओठ वाकडे होत होते, पण त्या मागे हटल्या नाहीत.

"आई."

"आईची आठवन आली व्हय?" नानांचा आवाज एकदम मऊ झाला. "अगं, तिला जाऊन किती वर्सं झाली."

मालनबाईंनी खिडकीचा गज सोडला. तोल गेला तसं नानांनी त्यांना दोन्ही हातांनी सावरलं. तो मोकळा झालेला डावा हात मालनबाईंनी नवऱ्याच्या छातीवर ठेवला आणि ज्ञानेश्वरीकडे बघितलं.

"आई लिव्ह," त्या म्हणाल्या. दोन्ही शब्द स्वच्छ आले.

"काकू, वरचे लोक हे बाद करतील. पैसे मिळायचे न्हाईत."

मालनबाईंनी नुसता हात थोपटला, तिथेच, नानांच्या छातीवर.

"डोकं फिरलंय हिचं," नाना पुटपुटले. पण सून लिही, असं ते पुन्हा म्हणाले नाहीत.

ज्ञानेश्वरीने 'आई'वर बोट ठेवलं. मोबाईलने मुकाट्याने पुढचा प्रश्न समोर आणला. तो वाचताना तिला हसूही येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते.

"आईचं वय?"

नाना बायकोला धरून तसेच उभे होते. मग एकदा नाक ओढलं.

"भात्तर," ते म्हणाले. "लिव्ह."