तिसऱ्या पानानंतर

बेकरीवाला बालवर्गातल्या लाल खुर्चीत बसला, तेव्हा गुडघे कानांना टेकायचेच काय ते बाकी राहिले. बाकीचे आईबापही तसेच घडी होऊन बसले होते. आज मुलं घरी वाचलेली गोष्ट सांगणार होती. पुढचा नंबर त्याच्या मुलीचा, मुंगीचा होता आणि तो येऊच नये असं त्याला वाटत होतं.

कारण होतं खिशातलं कार्ड. वर्गाच्या ताईंनी दोन महिन्यांपूर्वी प्रत्येक घरी एक पुस्तक आणि एक कार्ड दिलं होतं. रोज मुलाला पुस्तक पूर्ण वाचून दाखवायचं आणि कार्डावर बरोबरची खूण करायची. बेकरीवाल्याने एकही खूण चुकवली नव्हती. पुस्तक मात्र त्याने एकदाही पुरं केलं नव्हतं. पहाटे तीनला भट्टी पेटवणारा माणूस तो. बायको इस्पितळात दुपारपाळीला, म्हणून संध्याकाळचं वाचन त्याच्या वाट्याला आलेलं. सात वाजता मुंगीला मांडीवर घेऊन, शब्दांखाली बोट फिरवत तो मोठ्या झोकात सुरुवात करायचा आणि तिसऱ्या पानावर त्याचा डोळा लागायचा. हत्तीच्या पिल्लाचं पुढे काय होतं, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. आता पोर तिसऱ्या पानावर अडकणार. आपलं बिंग फुटलं तर फुटू दे, पण हसं तिचं होणार, याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

मुंगी उभी राहिली. तिने फ्रॉक नीट केला.

"हत्तीचं पिल्लू वाट चुकलं," ती म्हणाली. "चालून चालून दमलं. मग नदी आली. नदीत मगर होती. मगर म्हणाली..."

ती थांबली. बेकरीवाल्याने श्वास रोखला. हेच ते तिसरं पान.

"मगर म्हणाली, ट्रे फिरव, खालून करपतंय."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. बेकरीवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे वाक्य तो हाताखालच्या माणसांना दिवसातून पन्नास वेळा ऐकवायचा. झोपेतही तेच बरळतो, हे त्याला आज कळलं.

"पिल्लाने ट्रे फिरवला," मुंगी शांतपणे पुढे म्हणाली. "मगर म्हणाली, दार लाव आधी, वाफ चालली सगळी. पिल्लाने दार लावलं. मग मगर म्हणाली, आता हात लावू नको. फुगू दे त्याला."

मुलं सरकत सरकत तिच्या पायाशी आली होती. त्यातल्या एका चष्मेवाल्याकडेही हेच पुस्तक होतं. त्याने मागे वळून आपल्या वडिलांकडे पाहिलं. ते वकील होते आणि रोज सगळं पुस्तक, किंमत आणि छापखान्याच्या पत्त्यासकट वाचून दाखवायचे.

"बाबा," तो म्हणाला, "तू ट्रेचं पान वाचलंच नाहीस."

"असं पान नाहीये रे त्यात."

"आहे. तू गाळलंस."

खोलीभर हशा पिकला. बेकरीवाला तेवढा खाली मान घालून बसला.

मुंगीने सगळ्यांचं हसून व्हायची वाट पाहिली. "मग मगरीने पिल्लाला पाठीवर घेतलं आणि पलीकडे सोडलं. तिथे डोंगर होता. डोंगरामागे त्याची आई होती. ती सात दिवस त्याला शोधत होती. तिने त्याला जवळ घेतलं. संपली."

टाळ्या पडल्या. बेकरीवाल्याच्या हातून काही टाळी वाजली नाही. गोष्टीचा शेवट तो पहिल्यांदाच ऐकत होता आणि त्याला भरून आलं होतं.

मंडळी उठून चपला शोधू लागली, तसा तो ताईंपाशी गेला आणि कार्ड त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"ताई, यातल्या खुणा सगळ्या खोट्या आहेत. तिसऱ्या पानाच्या पुढे मी कधी गेलोच नाही. मला झोप लागते."

ताईंनी कार्डाकडे पाहिलं नाही. "मग शेवट तिला कोणी सांगितला?"

"चित्रं बघून जुळवला असेल. हुशार आहे तशी."

ताईंनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. चित्रात एक मोठा हत्ती, एक छोटा, मागे डोंगर. "यात सात दिवस कुठे दिसतात तुम्हाला?"

चित्रात ते कुठेच नव्हते. खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ होती. बेकरीवाल्याने सवयीने तिच्याखाली बोट ठेवलं आणि वाचली. सात दिवस तिथे होते.

"पहिली तीन पानं मात्र तुम्ही साठ वेळा वाचलीत," ताई म्हणाल्या. "अशीच, बोट ठेवून." मग त्यांनी मुंगीला हाक मारली. "मुंगी, पुढची पानं कोण वाचतं गं?"

"मी."

"मोठ्याने?"

एवढी मोठी ताई आणि हेही कळू नये, अशा नजरेने मुंगीने त्यांच्याकडे पाहिलं.

"छे. मनात. बाबा झोपलेला असतो ना."