दहा पडकी घरं

"घरं तुम्ही नीट केलीत, मावशी?" बाबुरावांनी इतक्या हळू विचारलं की गाळ्यातल्या दोन्ही बायकांनी हातातले नेलकटर खाली ठेवले.

फळीवर दहा घरं ओळीने उभी होती, वीतभर उंचीची, राखाडी प्लास्टिकची. सुपरवायझर खूश झाला असावा, असं केशरबाईला वाटलं.

"केली की. सगळा माल शॉर्ट होता. भिंती अर्ध्याच भरलेल्या, अंगभर भोकं. तुमच्या साच्यातच खोट आहे, बाबुराव. म्हटलं, दळायला कशाला टाकायचा?"

विठ्ठलवाडीच्या त्या गाळ्यात पाच वर्षं ती खेळण्यांचे तुकडे साफ करत होती. साच्यातून तुकडे ज्या काडीला चिकटून येतात तिला रनर म्हणायचं. रनरवरून तुकडा नेलकटरने तोडायचा, घासायचा, चिकटवायचा. मोटारी झाल्या, बदकं झाली, चूल-भांडी झाली. साच्यात अर्धवट भरलेला तुकडा दिसला की तो दळून पुन्हा वितळवायला टाकायचा, हा गाळ्याचा नियम. आणि तो गुपचूप सांधून ठेवायचा, हा केशरबाईचा. या वेळी तर तिने जीव ओतला होता. भिंतींचे फुटके काठ कानशीने सरळ केले होते. रनरचे तुकडे थिनरमध्ये विरघळवून, भिंत लिंपावी तशी सगळी भोकं लिंपली होती. छपराला भगदाड होतं, तिथे श्रीखंडाच्या डब्यांची झाकणं कापून बसवली होती, अक्षरं आतल्या अंगाला करून.

बाबुराव स्टुलावर बसले. हा माणूस फार बिनसलं की आधी बसतो, हे तिला माहीत होतं.

"ती पडकीच घरं होती, मावशी."

"पडकी म्हणजे?"

"लढाईत पडलेली. विलायतेत टेबलावर लढाई मांडून खेळतात. बोटाच्या पेराएवढे शिपाई असतात. त्यांना लपायला पडकी घरं लागतात."

"पोरं खेळतात?"

"मोठी माणसं. दाढीवाली."

शेजारच्या मीराबाईने तोंडाला पदर लावला. "पडलेलं घर विकत घेतात? आमच्या झोपड्यांच्या लायनीत यायचं ना, फुकट दाखवलं असतं."

"चित्र तरी दाखवायचं होतंत," केशरबाई म्हणाली.

"फॅक्स आलेला. सगळा काळा. मला ते झाड वाटलं."

चूक दोघांत वाटून घेण्यासारखी होती, पण त्याने घड्याळ थांबणार नव्हतं. चार वाजता माल घेणाऱ्या पार्टीचा माणूस नमुने बघायला येणार होता. पसंत पडले तर वर्षभर घरंच घरं. नाही पडले तर गाळ्याला कुलूप, कारण बदकांचं काम बंद होऊन दोन महिने झाले होते. साचा पार्टीने सकाळीच परत नेलेला, त्यामुळे नवे तुकडे निघणं शक्य नव्हतं.

बाबुराव उठले, हातोडी घेतली आणि पहिल्या घरावर हाणली. बिस्किट मोडावं तसे घराचे दोन सरळ तुकडे झाले.

"घर असं नाय पडत," केशरबाई म्हणाली.

"मग कसं पडतं? तुम्ही बघितलंय?"

मीराबाई बोलली, "तिचं तीनदा पाडलंय. रेल्वेच्या जागेवर होतं."

बाबुरावांनी हातोडी खाली ठेवली. "सांगा मग."

केशरबाईने दुसरं घर मांडीवर घेतलं आणि श्रीखंडाचं झाकण उचकटलं. "छप्पर पहिलं जातं. मग मधली भिंत, ती बाहेर कलते. खिडकीच्या डोक्यावरून तडा जातो, असा, तिरका. कोपऱ्याला घाई करायची नाय. कोपरा मागे उभा राहतो, बघत." बोलता बोलता तिचा नेलकटर भिंतीच्या काठावर उंदरासारखा कुरतडत चालला होता. मीराबाईने मेणबत्तीवर सुई तापवली आणि लिंपलेली भोकं पुन्हा पाडायला घेतली. बाबुराव रनरचा चुरा करून भिंतींच्या पायथ्याशी चिकटवत होते. तिथे कमी टाका, इथे जास्त, दाराशी ढीग नको, असं त्यांना केशरबाई सांगत होती, आणि गाळ्याचा सुपरवायझर निमूट ऐकत होता. मोडलेलं पहिलं घरही तिने सांधून घेतलं आणि मग रीतसर पाडलं.

पार्टीचा माणूस चारला पाच कमी असतानाच आला. चष्मा कपाळावर चढवून त्याने एकेक घर डोळ्यांजवळ धरलं. दहावं घर ठेवून तो म्हणाला, "साच्यातून निघालेलं मी बघितलंय. तेही एवढं खरं वाटत नव्हतं." त्याने कागदावर सही केली. बाबुराव पुन्हा स्टुलावर बसले, या वेळी निराळ्या कारणाने.

जाता जाता तो माणूस थबकला. "एक राहिलं. दार कुठंय? आमच्या यादीत प्रत्येक घराला दार आहे."

खरंच, दहाही घरांना दारं नव्हती. चौकटी तेवढ्या उभ्या होत्या. बिजागरीच्या जागी ओरखडासुद्धा नव्हता.

बाबुरावांनी केशरबाईकडे बघितलं. तिने मांडीवरचं फडकं उलगडलं. आत दहा दारं होती, एकावर एक रचलेली, न मोडलेली.

"दार घरची माणसं आधीच काढून घेतात, साहेब," ती म्हणाली. "पुढच्या घराला लागतं."